उजव्या बाजूची खिटी

चाकं जमिनीवरून सुटली, धावपट्टीच्या टोकाचं कुंपण खालून मागे गेलं, आणि त्याच्या डोक्यामागे फट् असा आवाज झाला. घट्ट बसलेल्या बरणीचं झाकण निघावं तसा. मोठा आवाज नव्हता. मोठा आवाज त्यापाठोपाठ आला, तो वाऱ्याचा होता, आणि आला तो थांबेचना. डोक्यावरची अख्खी काच मागच्या बाजूने वीतभर उचलली गेली होती आणि तिथेच थरथरत राहिली होती. पुरती उघडतही नव्हती आणि बसतही नव्हती. मांडीखाली अडकवलेला नकाशा सुटला, त्याच्या तोंडावर आपटला आणि त्या वीतभर फटीतून निघून गेला. दुकानाचं शटर नीट ओढलं नाही वाटतं, असा त्याच्या मनात पहिला विचार आला.

मग नाक खाली जाऊ लागलं. त्याने दांडा मागे ओढला. नेहमीपेक्षा जास्त ओढावा लागला, आणि ओढून धरून ठेवावा लागला. शेपटीत थरथर होती, ती दांड्यातून मनगटात आणि मनगटातून दातांत येत होती. खाली भाजीचे वाफे, विटांची भट्टी, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. सगळं आपापल्या जागी होतं. त्याने उजवीकडे पाहिलं. रिकाम्या सीटच्या पलीकडे, काचेच्या चौकटीला लावलेली खिटी आडवी असायला हवी होती, ती उभी होती. उभी म्हणजे उघडी. इतकी निवांत उभी होती की त्याला तिचा रागही आला नाही. माणूस विसरला तर खिटी काय करणार. पण तो विसरला नव्हता. त्याने विचारलं होतं, आणि उत्तर आलं होतं.

खिटी उजव्या बाजूला लावायची ही काही शहाणपणाची गोष्ट नव्हती, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. विमान त्याने आणि बायकोने मिळून बांधलं होतं, विमानतळामागच्या भाड्याच्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवसांत, मुलगी शाळेत होती तेव्हापासून ती नोकरीला लागेपर्यंत. त्याचं चष्म्याचं दुकान. बारीक स्क्रू, पातळ फ्रेमा, घासून पारदर्शक केलेलं प्लॅस्टिक, यात त्याचा हात बसलेला होता. बायकोचा हात कशातच बसलेला नव्हता, पण ती पत्र्याच्या आतल्या बाजूला लोखंडी ठोकळा दाबून धरायची आणि बाहेरून तो रिवेट मारायचा. तासन् तास ते असे पत्र्याच्या दोन बाजूंना असायचे, एकमेकांना न दिसता. काच बसवायची वेळ आली तेव्हा कळलं, की डाव्या भिंतीवर इंजिनाचा जोर कमी-जास्त करायच्या थ्रॉटलने आणि दुसऱ्या एका दांड्याने सगळी जागा खाल्ली आहे आणि खिटीला जागाच उरलेली नाही. पत्रा उसवून पुन्हा करावा लागला असता. "माझ्या बाजूला लावा की," ती म्हणाली होती. "मी काय नुसती ओझं म्हणून बसू?" पहिली चाचणी उड्डाणं फ्लाइंग क्लबच्या इन्स्ट्रक्टरने केली. पट्टे बांधायच्या आधी तो दोन्ही सीटवर आडवा व्हायचा, हात लांबवून ती खिटी लावायचा आणि बांधणाऱ्याच्या अकलेचा उद्धार करायचा. एकटं जायचं झालं तर काय करशील रे, असं त्याने विचारलंही होतं. त्यावर या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं आणि बायकोला हसू आवरलं नव्हतं. एकटं कशाला जायचं?

तेव्हापासून तसंच चाललं. तो पट्टे बांधायचा, इंधन बघायचा, दांडा चारी बाजूंना फिरवायचा आणि समोर काट्यांकडे बघत विचारायचा, "खिटी?" उत्तर मिळायचं, आणि त्याचा डावा हात चावीकडे जायचा. इतक्या वर्षांत त्याने एकदाही वळून खिटीकडे पाहिलं नसेल. ते त्याचं कामच नव्हतं. घरातही अशा वाटण्या होत्या. गॅसचा कॉक तिच्याकडे, दाराचं कुलूप त्याच्याकडे. ती गेल्यावर पहिले काही आठवडे तो गॅस चालू ठेवून झोपत होता की बंद करून, हे त्याला खरंच सांगता आलं नसतं.

ती गेली हे त्याला कळलं होतं. त्याबद्दल त्याच्या मनात काही घोळ नव्हता. वॉर्डमधली खिडकी वाऱ्याने खडखडायची, तिच्या फटीत त्याने कागदाची घडी करून खोचली होती, आणि त्यातच तो बराच वेळ गुंतला होता. "अहो, सोडा ना ते. वाजू द्या," ती म्हणाली होती. हे शब्द त्याला पाठ होते. चेहरा आठवायचा, हात आठवायचे, डाव्या हाताच्या अंगठ्यावर रिवेट मारायचं यंत्र निसटून झालेला व्रणही आठवायचा. आवाज येत नव्हता. शब्द यायचे, ते कोरडे, छापल्यासारखे. विशेष म्हणजे आवाज हेच तिचं काम होतं. ती बसस्थानकात चौकशीच्या खिडकीवर होती आणि आयुष्यभर लोकांना त्यांची गाडी कुठे लागते ते सांगत आली होती. मुलगी दुसऱ्या शहरात राहायची. तिने फोनवरचा आईचा एक जुना निरोप त्याला पाठवला होता. "येताना कोथिंबीर आणा आणि छत्री विसरू नका," एवढाच. तो त्याने इतक्या वेळा ऐकला की त्याची चव गेली. एखादा शब्द सारखा म्हणत राहिलं की त्याचा अर्थ उडतो, तसं झालं. मग त्याने ऐकणं बंद केलं. आवाज आपणहून येईल तर येईल, असं ठरवून तो दुकानात जात राहिला, गिऱ्हाइकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत राहिला. मुलगी म्हणायची, "बाबा, ते विमान देऊन टाका कुणाला तरी." तो म्हणायचा, "बघू."

आज सकाळी तो आला तो फक्त विमान झाडायला, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. झाडलं. इंधन भरलं. शेडमध्ये मेकॅनिक होता, ज्याला सगळे पाना म्हणायचे. तो नुसतं विमान बाहेर ढकलू लागला. मग हा आत बसला, काच खाली ओढली, पट्टे बांधले, हेडफोन चढवला, दांडा चारी बाजूंना फिरवला आणि समोर बघत म्हणाला, "खिटी?" सवयीने म्हणाला. आणि उजव्या कानात, अगदी जवळून, जराशा कंटाळलेल्या सुरात तिने म्हटलं, "लावली." आनंद झाला असं म्हणता येणार नाही. घरातली हरवलेली वस्तू भलत्याच कपाटात सापडावी, तसं झालं. आवाज हाच होता. किंचित घसा खरवडलेला, शेवटचं अक्षर खाली सोडलेला. मग त्याचा हात चावीकडे गेला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. विचारलं, उत्तर मिळालं, पुढचं काम.

आता वारा हेडफोनमधून आत शिरत होता आणि तो खिटीकडे बघत होता. ती फार लांब नव्हती. एक सीट ओलांडली की झालं. त्याचा उजवा हात दांड्यावरून कधी सुटला ते त्याला कळलंच नाही. तो रिकाम्या सीटवरून अर्धा गेला, पट्ट्याने खांदा अडवला, आणि तेवढ्यात नाक पडलं. विटांच्या भट्टीचं धुराडं समोरच्या काचेत आलं आणि मोठं होऊ लागलं. त्याने हात मागे घेऊन दांडा धरला आणि पोटाशी ओढला. धुराडं खाली गेलं. इन्स्ट्रक्टर ओरडायचा ते त्याला आठवलं: काच उघडली तर उघडू दे, ती तुला काही करत नाही, तू तिला काही करायला जाऊ नकोस. म्हणजे पट्टा सोडून खिटी लावायला गेलं की संपलं. आणि नाही गेलं, तर अशीच फेरी मारून, नाक धरून ठेवून, परत जमिनीवर यायचं. दोनच गोष्टी होत्या. तिसरीही होती, ती त्याला थोड्या वेळाने दिसली. ती म्हणजे काहीच न करणं. दांडा घट्ट धरायचा नाही, एवढंच. आत्महत्या वगैरे शब्द त्याच्या मनात आले नाहीत, ते फार मोठे होते. हात दमला आहे, असा साधा विचार आला. आणि तिने "लावली" म्हटलं होतं. इतके महिने गप्प राहून आज बोलली होती, ती नेमकी आजच, नेमकी याच गोष्टीबद्दल. बोलावण्याची ही एक तऱ्हा असू शकते. तो विचार त्याने दुकानात फ्रेम बघतो तसा उलटसुलट करून पाहिला. भीती वाटत नव्हती, आणि वाटत नाही याचीच थोडी चीड येत होती.

मग त्याला एक हिशेबी शंका आली. ती असती, तर खिटी न लावता "लावली" म्हणाली असती का? कधीच नाही. चौकशीच्या खिडकीवर असताना गाडीची पक्की माहिती नसली, तर ती सरळ "मला माहीत नाही" म्हणायची. लोक भांडायचे, साहेब रागवायचे, तरी ती अंदाजाने काही सांगायची नाही. एकदा घरीसुद्धा, तो पाहुण्यांसमोर "हिने सगळे रिवेट स्वतः मारलेत" म्हणाला, तर तिने तिथल्या तिथे "नाही हो, मी नुसता ठोकळा धरला" असं म्हणून त्याची पंचाईत केली होती. म्हणजे मघाशी जो कुणी बोलला तो तिच्या आवाजात बोलला, पण ती नव्हती. बोलला तो हा स्वतःच. त्यानेच विचारलं आणि त्यानेच, घाईघाईने, न बघता उत्तर दिलं. आणि या माणसाच्या शब्दावर कुठेही जाण्यात काही अर्थ नव्हता.

त्याने डावीकडे वळायला सुरुवात केली. सावकाश, थोडं थोडं. त्याच क्षणी वाऱ्याचा एक झोत आतल्या आत फिरला आणि चष्म्याची एक काडी हेडफोनखालून निसटली. चष्मा नाकावर आडवा झाला. डावा हात थ्रॉटलवर, उजवा दांड्यावर, आणि दोन्ही हवे होते. त्याने एका झटक्यात डावा हात उचलला, चष्मा ओढला, कुठे ठेवायचा ते सुचेना म्हणून काडी दातात धरली आणि हात परत जागेवर नेला. आता जग मऊ झालं. गिऱ्हाइकं कायम तक्रार करायची, चष्मा काढून ठेवला की भिंतीसुद्धा पुसट दिसतात हो. तो ऐकून घ्यायचा. आता त्याला समजलं की ती माणसं तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती. धावपट्टी म्हणजे हिरव्यात एक राखाडी बोट फिरवल्यासारखी रेघ. काटे जवळ होते, ते दिसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि वाऱ्याने कानांपर्यंत जात होतं. त्याने वेग थोडा जास्त ठेवला, काच थरथरत होती तिला थरथरू दिलं, आणि एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत गेला. काडी दातात असल्याने त्याचं बोलणं त्यालाच कळत नव्हतं. इंधन. वेग. उतार. प्रत्येक गोष्ट तो विचारत होता, मग त्या-त्या जागी बघत होता, मगच उत्तर देत होता. जमीन शेवटी अपेक्षेपेक्षा लवकर आली. विमान एकदा आपटलं, उडालं, पुन्हा आपटलं आणि मग गवताच्या कडेकडेने पळत राहिलं. इंजिन बंद केल्यावर काच आपणहून खाली बसली, दमल्यासारखी.

पाना धावपट्टीवरून पळत आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पळायची सवय नसलेला माणूस. त्याने काच वर केली आणि आधी तिच्या बिजागऱ्या पाहिल्या, मग काचेला चीर गेली आहे का ते पाहिलं, आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"भाऊ, काच उघडी होती!"

"माहीत आहे. आत मीच होतो."

"काय म्हणताय? आधी ते दातातलं काढा."

त्याने चष्मा काढून पुसला आणि घातला. काडीवर दातांच्या खुणा पडल्या होत्या. नवी लागेल, त्याने मनात नोंद केली.

"डोळ्यांतून पाणी येतंय तुमच्या."

"वारा होता."

"वाराच म्हणतोय मी. मी कुठे दुसरं काही म्हटलं?" पाना पंखावर टेकला आणि धापा टाकत राहिला. जरा वेळाने म्हणाला, "खिटी."

"विचारलं होतं मी."

"दिसलं मला. तुमचे ओठ हलले ना, तेव्हा मी इथेच होतो, या पंखाजवळ. थांबलो मी."

"कशासाठी?"

"टकटकीसाठी."

त्याला काही कळलं नाही. ते पान्याच्याही लक्षात आलं असावं. त्याने हाताने हवेत काहीतरी करून दाखवलं, मुठीतलं एक बोट पुढे काढून. "वहिनींची टकटक. खिटी लावून झाली की काचेवर बोट आपटायच्या आतून. मला तीच खूण होती, की आता बाजूला व्हायचं. इतकी वर्षं तेच बघून मी बाजूला होतोय."

"ती 'लावली' म्हणायची."

"छे! वहिनी आणि बोलणार? त्यांच्या हेडफोनचा माइक तर कायम वर सारून ठेवलेला असायचा. मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, आठवडाभर लोकांशी घसा फोडते, इथे तरी मला गप्प बसू दे."

नाही म्हणायची त्याची तयारी होती, पण कशाच्या आधारावर? तो कायम समोर काट्यांकडे बघत विचारायचा. वळून एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणजे तो आवाज, तो घसा खरवडलेला, शेवटचं अक्षर सोडलेला आवाज, तो कुठल्याच दिवसाचा नव्हता. त्याने तो कोथिंबिरीच्या आणि छत्रीच्या निरोपातून कापून इथे शिवला होता. चांगला शिवला होता. कारागिरी चांगली होती. आणि त्या नादात तिच्या बाजूचं जे खरं होतं, म्हणजे ती टकटक, ते आता त्याच्याकडे राहिलं नव्हतं. ते या माणसाकडे होतं, आणि या माणसाने ते बाहेरून, काचेपलीकडून, फक्त पाहिलं होतं.

"आज वाजली नाही," पाना म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "थांबलो मी. मग म्हटलं, आता कोण वाजवणार. आणि झालो बाजूला. हात दाखवून तुम्हाला थांबवायला हवं होतं, भाऊ. पण सांगणार कसं? मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मी मेलो असतो की रे."

"तेच ना. पण वाईट वाटायला नको म्हणून."

पान्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं आणि ते दाबायला तो बिजागरीचा स्क्रू विनाकारण घट्ट करत होता. गवतावरून गरम वारा येत होता, इंजिन थंड होताना टिकटिकत होतं.

"ही खिटी मी डाव्या बाजूला आणून देतो," पाना म्हणाला. "पत्रा उसवावा लागेल. आठवडा जाईल. पण हे असलं पुन्हा नको."

"आण."

"खरंच?"

"आण म्हणतोय ना. पण आधी आत ये."

"कुठे?"

"इथे. उजवीकडे बस."

"मी? अहो, मी कधी बसलोय का? मला ते जमिनीवरच बरं असतं. आणि हे कपडे बघा माझे, सगळं ग्रीस."

"बस रे. कुठे नेत नाहीये मी तुला."

पाना कुरकुरत, पाय कुठे ठेवायचा ते विचारत, शेवटी आत आला. सीट त्याला अपुरी पडली. त्याने काच खाली ओढली आणि आत एकदम शांतता झाली, ऊन आणि घामाचा वास. पान्याने बोट काढून काचेवर आपटलं. टक, टक.

"तसं नाही," तो म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. "आधी खिटी लाव. लावल्याशिवाय वाजवायचं नाही."

पान्याने खिटी आडवी केली. ती बसताना खट् असा जड आवाज झाला. मग त्याने बोट आपटलं, तीनदा, सारख्या अंतराने.

"नाही. पहिली हळू. मग थांबायचं. मग दोन लागोपाठ."

"म्हणजे आठवतंय की तुम्हाला! मला तर वाटलं..."

"बोलू नकोस. पुन्हा."

पान्याने बोट पँटला पुसलं. "हाताने अशा करायच्या," तो स्वतःशीच म्हणाला, "मनगट नाही हलायचं, नुसतं बोट." त्याने डोळे बारीक केले, बाहेरून इतक्या वर्षांत जे पाहिलं होतं ते आतून करायला गेला. दोनदा चुकला. मधेच म्हणाला, काचेवर डाग पडतील हो. याने समोर, बंद पडलेल्या काट्यांकडे नजर लावली होती, कारण बाजूला बघितलं की पाना दिसायचा.

"खिटी?" तो म्हणाला.

टक. मग जरासा थांबा. मग टक-टक, दुसरी पहिलीच्या पाठीला लागून.

त्याचा डावा हात उठला आणि चावीवर जाऊन बसला. त्याने तो नेला नव्हता. बोटांनी चावी धरली, अर्धी फिरवली, आणि समोरच्या पंख्याचं पातं एकदा हललं.

"अहो भाऊ! अहो, मी आत आहे अजून!" पाना ओरडला आणि दोन्ही हातांनी समोरची चौकट धरून बसला. "मला आधी उतरू तर द्या!"

त्याने चावी मागे फिरवली. हात मात्र तिथेच ठेवला.

"उतर," तो म्हणाला. "पण आधी अजून एकदा वाजव."